भुलाबाईचा खाऊ ओळखताना

माझी पोरगी चार वर्षांची असताना तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आणि सहा वर्षांची झाली तेव्हा ती गल्लीतल्या थोराड पोरींना शेंड्या लावत होती. मधल्या दोन वर्षांचं श्रेय मी चारचौघींत घेत फिरत असे. डी.एड.ला मला बालमानसशास्त्राचा पेपर होता, त्यात मार्क चांगले पडले होते, आणि मोताळ्याहून रोज स्कूटीवर जाऊन मी एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. त्यामुळे मूल कसं वाढवावं यावर आमच्या लेआउटमधली कोणी बाई बोलायला लागली की मी तिला पुरतं वाक्यही बोलू देत नसे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी जी फजिती आहे तिचा वाचणाऱ्यांना मनापासून आनंद घेता येईल.

आमच्याकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघर भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, समोर दिवा. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन एकेका घरी जातात आणि गाणी म्हणतात. पण गाणी हे नुसतं निमित्त. पोरींचा सगळा जीव शेवटच्या खाऊत असतो. घरच्या बाईनं तो डब्यात बंद करून ठेवलेला असतो आणि पोरींनी तो न बघता ओळखायचा असतो. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, एका घासाचं की दोन घासांचं, असे प्रश्न होतात. डबा कानाशी धरून हलवला जातो. ओळखला तर पोरी जिंकल्या, नाही तर ती बाई जिंकली आणि दुसऱ्या दिवशी नळावर तिची मान ताठ. शिकल्यासवरल्या बायका या डब्यापायी दुपारपासून डोकं लढवतात.

पहिल्या वर्षी आमच्या घराची पाळी आली तेव्हा माझी पोरगी फाटकात उभी होती. पोरी दिसताच तिनं जाहीर केलं, "आमच्या घरी शेंगदाण्याचे लाडू हायेत." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी दुपारभर लाडू वळून, डब्यात कापड कोंबून, आवाज येणार नाही अशी व्यवस्था केली होती.

सासूबाई म्हणाल्या, "या पोट्टीले काही समजतच नाही का वो?"

मला संधीच मिळाली. मी त्यांना सांगितलं, या वयात मुलाला वाटतं की आपल्या डोक्यात जे आहे तेच सगळ्यांच्या डोक्यात आहे. दुसऱ्याचं डोकं वेगळं असतं, त्याला आपल्याला माहीत असलेली गोष्ट माहीत नसू शकते, हे अजून तिच्या लक्षात यायचंय. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळ्यायच्या डोक्यात लाडू हायेच म्हंतेस, तं मंग हे सांगाले काऊन धावली?"

याचं उत्तर माझ्या पेपरात नव्हतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दुसऱ्या वर्षी तिला कळलं की पोरींना माहीत नसतं. पण माहीत होऊ नये म्हणून काय करावं, हे काही कळलं नव्हतं. ती सरळ डब्यावर बसून राहायची. कोणी काही विचारलं की दोन्ही हातांनी तोंड दाबायची आणि बोटांच्या फटीतून म्हणायची, "चिवडा हाये हे मी सांगणारच नाही." मग एके दिवशी तिनं एका मोठ्या पोरीच्या कानात खाऊचं नाव सांगितलं, 'कोणाले सांगू नको' हेही सांगितलं आणि बदल्यात केसांचा चाप मिळवला. मी वरकरणी रागावले, आतून खूश झाले. गुपिताला भाव असतो हे पोरीनं स्वतःच शोधून काढलं होतं. आमच्या गावातल्या अर्ध्या पुढाऱ्यांचं राजकारण याच्यावर चालतं.

तिसऱ्या वर्षी ती सहाची झाली आणि तिनं कहर केला. त्या दिवशी मी शिरा केला होता. शिरा डब्यात आवाज करत नाही, त्यामुळे पोरी लगेच ओळखतात. माझ्या नकळत हिनं एका छोट्या डबीत मूठभर चिंचोके भरले आणि ती डबी शिऱ्याच्या डब्यात ठेवली. पोरींनी डबा हलवला, तो खडखड वाजला. फुटाणे झाले, शेंगदाणे झाले, मुरमुरे झाले, मक्याच्या लाह्या झाल्या. ही बाजूला उभी. चेहऱ्यावर काही नाही. एकीनं तिला विचारलं, "कडक हाये ना?" तर मान हलवून हो म्हणाली. शेवटी पोरी हरल्या. झाकण उघडल्यावर जो गोंधळ झाला तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू गेला.

माझी पोरगी धडधडीत खोटं बोलली आणि मी गावजेवण घालायचीच राहिले. शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे तिला कळतं, त्याच्या डोक्यात आपल्याला हवं ते कसं घालायचं तेही कळतं, चेहरा कसा ठेवायचा तेही कळतं, असं मी सांगत सुटले. एक सर म्हणाले, "मॅडम, ही पोरगी उभी राहिली तर बिनविरोध निवडून येईल." मला तेव्हा तो गौरव वाटला.

आणि खरं सांगायचं तर आपण सगळेच पोरांना हे शिकवतो. गाडीत बसून ज्या मामाला घाटभर नावं ठेवली, त्याच्याच पाया पडायला लावतो. आत्याचा साडी निवडण्यातला आंधळेपणा घरी चघळायचा आणि तिच्यासमोर पोरानं "आत्या, छान दिसतेस" म्हटलं की त्याची पाठ थोपटायची. त्याला आपण संस्कार म्हणतो. पोरानं ती साडी खरंच कशी दिसते हे सांगितलं तर घरी आल्यावर धपाटा. मी धपाटा घालत नाही, समजावून सांगते, म्हणून मी स्वतःला फार वरच्या दर्जाची समजत होते.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात नवं कुटुंब राहायला आलं होतं. बौद्ध कुटुंब. बाई सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा एसटीत कंडक्टर, आणि एक आठ वर्षांची मुलगी. आठवडा झाला नाही तो ती मुलगी आणि माझी पोरगी एका जिवाच्या झाल्या. सकाळी दात घासायच्या आधी एकमेकींच्या फाटकात. कोणाकडे आहे, जेवली का, कुठे गेली, हे विचारायचं मी सोडून दिलं होतं.

भुलाबाई बसली तशी ती मुलगीही टिपऱ्या घेऊन पोरींत यायला लागली. तिचा गळा गोड होता, आणि खाऊ ओळखण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. ती डबा हलवायचीच नाही. झाकणाच्या कडेला नाक लावायची, डोळे मिटायची आणि सांगायची. बायका तिला घाबरून होत्या. पोरींना मात्र ती आपल्या बाजूला आहे याचा अभिमान होता. दहा-बारा दिवस झाल्यावर ती म्हणाली, "उद्या आमच्या घरी या."

त्या संध्याकाळी तिची आई माझ्याकडे आली. ड्युटीवरून थेट आली होती, पर्स अजून खांद्यावर होती. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे भुलाबाई बसत नाही, आम्ही पूजा करत नाही. पण ही रोज सगळ्यांच्या घरचं खाऊन येते. तिचा हट्ट आहे की एक दिवस आपल्याकडेही डबा ठेवायचा. पोरी गाणी म्हणतील, खाऊ ओळखतील. चालेल ना?"

मी म्हटलं, "अहो, चालेल काय, धावेल."

ती हसली आणि गेली. ती अकरा पोरींच्या घरांतून नेमकी माझ्याच घरी विचारायला आली, याचा मला केवढा अभिमान वाटला. आपलं घर तसं नाही हे लोकांना कळतं, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत साथ आली. एका पोरीला ताप भरला. एकीचा मामा येणार होता. एकीची चाचणी परीक्षा, जी माझ्या माहितीप्रमाणे पुढच्या आठवड्यात होती. दोघी जणी नुसत्याच घरात गुडूप झाल्या. कोणी एक अक्षर वाकडं बोललं नाही. अकरांतल्या चार निघाल्या, त्यात माझी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी फाटकात उभी राहून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की काही लोकांचा ताप कसा मुहूर्त बघून येतो.

सासूबाई पडवीत गवारीच्या शेंगा मोडत होत्या. म्हणाल्या, "जाऊ दे पोरीले. पण तिथलं खाऊ नको म्हण."

मग मी जे सुरू केलं ते दहा मिनिटं थांबलं नाही. शाळेतली प्रतिज्ञा झाली, संविधान झालं, माणुसकी झाली. माझ्या घरात माझ्या पोरीच्या कानावर हे असलं पडता कामा नये, हे मी त्यांना बजावलं. त्यांनी एक शेंग मोडली, दुसरी मोडली. "तू शिकेल-सवरेल हायेस बापा," एवढंच म्हणाल्या. पोरगी मधे उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघत होती. मग टिपऱ्या घेऊन गेली.

साडेसातला परत आली ती उड्या मारतच. तिथे कोणालाच खाऊ ओळखता आला नाही म्हणे. काकूनं डबा फडक्यात गुंडाळून, फडक्यावर अत्तराचा थेंब टाकून ठेवला होता, म्हणून त्यांच्या स्वतःच्या पोरीलाही वास आला नाही. गुलगुले होते. गव्हाच्या पिठाचे, गूळ घातलेले.

"कसे होते?" मी विचारलं.

"मस्त."

"किती खाल्ले?"

"दोन."

माझा ऊर भरून आला. पडवीत ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "शाब्बास." मग तिचा फ्रॉक काढला आणि भिजत घालायला बादलीत टाकणार, तर खिशापाशी हाताला तेल लागलं. खिशात दोन गुलगुले होते, दाबून चपटे झालेले.

मी विचारलं, "हे काय गं?"

"गुलगुले."

"तू तर खाल्ले म्हणालीस."

"तसं म्हणा लागते ना," ती म्हणाली. मी उशिरा शिकणाऱ्या मुलांना जशा आवाजात समजावते, तोच आवाज तिनं लावला होता. "नाही तं काकूले वाईट वाटलं असतं."

आणि तिनं मला करून दाखवलं. हात तोंडापाशी नेला. गाल फुगवून रिकामंच चावलं. चावता चावता दाराकडे तोंड फिरवलं, तेवढ्यात हात खिशात. मग वळून म्हणाली, "मस्त झाले काकू." इतकं बेमालूम की मी बघत असूनही मला खिशातला हात दिसला नाही. करून झाल्यावर ती माझ्याकडे बघत थांबली. चिंचोक्यांच्या दिवशी अशीच थांबली होती, कौतुकासाठी.

"गुलगुले आवडत नाहीत का तुला?"

"आवडतात."

"मग?"

"त्यायच्या घरचं खायचं नसते."

माझं डोकं फिरलं. "कोणी सांगितलं? आजीनं ना?" हे मी तोंड पडवीकडे करून विचारलं.

"आजीनं नाही. कोणीच नाही सांगितलं," पोरगी म्हणाली. "तू पण नाही खाल्ला ना लाडू. बकरीले देला."

मला आधी काही कळेच ना. मग हळूहळू आठवलं. मे महिन्यात त्या घराचा गृहप्रवेश होता, गल्लीला बोलावणं होतं. मी पोरीचं बोट धरून गेले होते. कागदी प्लेटमध्ये बुंदीचा लाडू आणि चिवडा दिला. मी म्हटलं, आत्ताच जेवण झालंय, घरी नेऊन खाते. लाडू रुमालात बांधला. स्वयंपाकघरातल्या फरशीचं कौतुक केलं, खिडक्यांचं केलं. बाहेर आल्यावर विजेच्या खांबाजवळ कोणाची तरी बकरी बांधलेली होती, तिच्यासमोर तो लाडू ठेवला आणि रुमालाला हात पुसत घरी आले. पोरीला मी एक शब्द बोलले नव्हते. खरं तर मी स्वतःलाही एक शब्द बोलले नव्हते. मला कोणी तोंडावर विचारलं असतं की बाई, तू हे सगळं मानतेस का, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. नळावर भांडले असते. आणि तरी माझ्या हातानं तो लाडू किती सफाईनं रुमालात बांधला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी पोरीवर हात उगारला. ती दोन पावलं मागे सरकली. आपण काय चुकलो हे तिला खरंच कळलेलं नव्हतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्या तं तोंडावर सांगतो बापा, मले चालत नाही म्हणून. तुह्यासारखं हासून रुमालात नाही बांधत." आणि परत शेंगांकडे गेल्या.

मी तो फ्रॉक हातात धरून मोरीत उभी राहिले. तेल साबणानं निघालं असतं. तेव्हा मी गप्प बसले असते तर ही गोष्टही तिथेच संपली असती, आणि माझी पोरगी मोठी होऊन हेच करत राहिली असती, माझ्यापेक्षा दसपटीनं छान. ती भराभर शिकते. एवढ्या एका गोष्टीचं मला भय वाटलं, आणि ते खरं भय होतं. मी तिला दुसरा फ्रॉक घातला आणि म्हटलं, "चप्पल घाल."

गल्लीच्या टोकापर्यंत पन्नास पावलंही नाहीत. तेवढ्यात मला काय बोलावं ते सुचेना. खरं सांगावं तर त्या बाईचा तिच्याच घरात अपमान. न सांगावं तर परत खोटंच. शेवटी ठरवलं की नुसतं गुलगुले मागायचे आणि तिथेच बसून खायचे.

दार त्या मुलीनं उघडलं. मी उसनं हसू आणून म्हटलं, "काय गं, गुलगुले उरलेत का? हिला अजून खायचेत. मलाही."

मुलगी माझ्या पोरीकडे बघत म्हणाली, "तिनं नव्हते खाल्ले." राग नव्हता, तक्रार नव्हती. बाहेर पाऊस नाही असं सांगावं तसं सांगितलं.

माझ्या पोरीचं तोंड उघडंच राहिलं. आपण पकडले जातोय, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. "तुले कसं माहीत?"

"मले दिसलं ना. खिशात टाकले तू. बाकीच्यांतल्या दोघींनी कुंडीत टाकले."

मी विचारलं, "मग तू काही बोलली नाहीस?"

"आई म्हणते, कोणी नाही खाल्लं तर आपण पाह्यलंच नाही असं करायचं," मुलगी म्हणाली. "मग ते खेळाले परत येतात."

तिची आई आतून हात पुसत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाली, "लहान आहे मॅडम. मनावर घेऊ नका."

ती माझी माफी मागत होती. मी म्हटलं, "मे महिन्यातला लाडू मीही खाल्ला नव्हता."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "गुलगुले संपले. पीठ आहे थोडं. बसा."

आम्ही बसलो. आत तेल तापल्याचा, पीठ सोडल्याचा आवाज येत होता. दोघी पोरी दिवाणावर जवळ जवळ बसल्या होत्या. मी काहीतरी विचारावं म्हणून त्या मुलीला शाळेचं विचारलं, तिनं बरोबर उत्तर दिलं.

प्लेट आली. चार गुलगुले होते. माझी पोरगी हलली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती, हात कुठे जातो ते. मी एक उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. चटका बसला, डोळ्यात पाणी आलं, तरी मी तो चावला. पोरगी माझ्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली, गिळते की नाही ते. मी गिळला, तेव्हा कुठे तिनं हात पुढे केला.

आणि त्याच वेळी शेजारच्या मुलीनं मान वळवली आणि बंद टीव्हीकडे बघत बसली, आम्ही खातो की नाही ते तिला दिसू नये म्हणून.